निष्ठावान ग्राहकाचं प्रमाणपत्र

२०२४ च्या दिवाळीत बाबांना एक ईमेल आला. सोबत एक रंगीत प्रमाणपत्र. कडेने सोनेरी नक्षी, मधोमध आमच्या मेडिकल दुकानाचं नाव आणि खाली इंग्रजी मजकूर. अर्थ असा, की सलग सात वर्षं आमच्यावर निष्ठा ठेवल्याबद्दल कंपनी आपली आभारी आहे. पाठवणारी कंपनी म्हणजे दुकानातल्या बिलिंग सॉफ्टवेअरची. बाबांनी चष्मा कपाळावर चढवून ते दोनदा वाचलं आणि मला विचारलं, "निष्ठा? ती मी कधी ठेवली गं?"

मी तेव्हा सुट्टीत घरी, हैदराबादला होते. आमचं घर विद्यानगरात. लोकल स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर घर आणि घराखालीच दुकान. गिऱ्हाइकं तेलुगू, उर्दू, मराठी, सगळी. बाबा ज्याच्याशी त्याच्या भाषेत बोलतात आणि हिशोब मात्र मराठीत करतात. त्यांचा तो प्रश्न मी हसण्यावारी नेला होता, पण तो काही डोक्यातून गेला नाही. चुकीचं सॉफ्टवेअर माथी मारलं जातं, नुकसान होतं, आणि तरीही गिऱ्हाईक त्याच कंपनीकडे राहतं. याला नक्की काय म्हणायचं? कंपन्या म्हणतात निष्ठा. मला तो शब्द पटत नाही. का पटत नाही, ते सांगण्यासाठी हा लेख.

आधी आमच्या दुकानात काय झालं ते सांगते.

२०१७ साली जीएसटी आला तेव्हा बाबांनी वही सोडून कॉम्प्युटर घेतला. औषधांच्या धंद्यात नुसतं बिल करून भागत नाही. प्रत्येक स्ट्रिपचा बॅच नंबर, एक्सपायरीची तारीख, कोणत्या डिस्ट्रिब्युटरकडून माल आला, परत काय गेलं, सगळं लिहून ठेवावं लागतं. सॉफ्टवेअरने ते काम खरंच सोपं केलं. त्यातच उधारीचं खातंही होतं. आसपासची म्हातारी माणसं महिन्याची औषधं नेतात आणि पेन्शन आली की पैसे देतात.

२०२४ च्या मार्चअखेरीस कंपनीने नवी आवृत्ती आणली. नवं आर्थिक वर्ष, नवा चेहरामोहरा. अपडेट आपोआप झालं. कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. जुन्या वर्षाची शिल्लक नव्या वर्षात ओढून आणताना त्या आवृत्तीत एक चूक राहून गेली होती. मार्चच्या शेवटच्या काही दिवसांत ज्यांनी उधारी चुकती केली, त्यांची जमाच पुढे आली नाही. पैसे दिलेली माणसं पडद्यावर पुन्हा देणेकरी झाली.

आमच्या मागच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षिका राहतात. सगळे त्यांना 'बाई'च म्हणतात. वय शहात्तर, घरी एकट्या, मुलगा पुण्याला. त्यांनी २८ मार्चला २,८६० रुपये चुकते केले होते. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या भावाने पडद्यावर बघून त्यांना फोन केला, "बाई, मागची बाकी आहे." त्या म्हणाल्या, "दिले होते बहुतेक." भाऊ म्हणाला, "कॉम्प्युटरवर दिसताहेत." दुसऱ्या दिवशी बाई आल्या, पैसे ठेवले, काही न बोलता गेल्या. आणि मग यायच्या थांबल्या.

चूक बाबांच्या लक्षात आली ती बारा दिवसांनी, दुसऱ्या एका गिऱ्हाइकाने पावती आणून टेबलावर आपटली तेव्हा. बाबांनी रात्री बसून सगळ्या पावत्यांच्या फाइली काढल्या. सकाळी दुकान उघडायच्या आत ते बाईंच्या घरी गेले. पैसे परत केले, हात जोडून म्हणाले, "बाई, चूक आमची. माफ करा." बाईंनी पैशांकडे बघितलंही नाही. त्या म्हणाल्या, "भाऊ, मला वाटलं माझंच डोकं आता जातंय. मुलाला फोनवर तसं सांगितलं. त्याने डॉक्टरची वेळसुद्धा घेतलीय."

म्हणजे सॉफ्टवेअरमधली एक चूक, आणि ती जाऊन बसली एका शहात्तर वर्षांच्या बाईच्या स्वतःवरच्या विश्वासावर.

कंपनीने काय केलं? पुढच्या अपडेटबरोबर पडद्यावर एक चौकट आली. काही ग्राहकांना सुरुवातीच्या शिल्लकेत किरकोळ फरक दिसू शकतो, कृपया नवीन पॅच टाकून घ्यावा. बस्स. 'किरकोळ' हा शब्द कुणी लिहिला असेल, त्याचा मला राग नाही. त्याला बाई माहीतच नव्हत्या. पण बाबांना माहीत होत्या, म्हणून माफी बाबांनी मागितली. चूक एकाची आणि हात जोडले दुसऱ्याने.

आता पुढची गंमत ऐका. जुलैत त्याच सॉफ्टवेअरचं वर्षाचं रिन्युअल आलं आणि बाबांनी मुकाट्याने पैसे भरले. मी फोनवर भांडले. "बाबा, सोडून द्या ना ही कंपनी!" बाबा म्हणाले, "सोडून जाऊ कुठं?" सात वर्षांचा डेटा त्यात. हजारो औषधं, प्रत्येकाचे बॅच, जीएसटीची विवरणपत्रं, कुणाला कोणतं औषध चालतं याच्या नोंदी. बाहेर काढायचं म्हटलं तर नुसत्या पीडीएफ निघतात. वाचता येतात, पण दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये भरता येत नाहीत. दुसऱ्या कंपनीचा एजंट सरळ म्हणाला, सगळा स्टॉक हाताने नव्याने चढवावा लागेल. दुकान बंद ठेवून? धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

आणि दिवाळीत हे प्रमाणपत्र. कंपनीच्या हिशोबात बाबा 'टिकलेले ग्राहक' झाले. बाई दोन महिने आमच्याकडे आल्या नाहीत. त्यांना दार उघडं होतं, चार पावलांवर दुसरं मेडिकल होतं. बाबांना दार नव्हतं. दोघांच्याही वाट्याला एकच चूक आली. एक जाऊ शकली, दुसरा राहिला. जो राहिला त्याला निष्ठावान ठरवलं गेलं.

योगायोग बघा. ज्या जुलैत बाबांनी रिन्युअल भरलं, त्याच महिन्यात हेच नाटक जगाच्या रंगमंचावर झालं आणि त्याचा एक प्रवेश आमच्याच शहरात होता. १९ जुलै २०२४, शुक्रवार. हैदराबादच्या शमशाबाद विमानतळावर कॉम्प्युटर बंद पडले आणि इंडिगोच्या कर्मचाऱ्यांनी पेन घेऊन बोर्डिंग पास हाताने लिहून दिले. कोलकात्याला निघालेल्या एका प्रवाशाने त्याचा फोटो टाकला आणि तो जगभर फिरला. तुमच्यापैकी अनेकांनी तो बघितला असेल, फॉरवर्डही केला असेल.

झालं काय होतं? क्राउडस्ट्राइक नावाची अमेरिकन कंपनी मोठ्या संस्थांच्या कॉम्प्युटरना हल्ल्यांपासून वाचवणारं 'फाल्कन' हे सॉफ्टवेअर विकते. नव्या धोक्यांची माहिती ती छोट्या फाइलींतून सतत पाठवत असते. त्या दिवशी भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी अशीच एक फाइल विंडोज कॉम्प्युटरवर गेली. त्या कॉम्प्युटरमधल्या प्रोग्रॅमकडे २० रकान्यांची माहिती यायची आणि नव्या फाइलने बघायला लावला एकविसावा रकाना, जो तिथे नव्हताच. नसलेली गोष्ट वाचायला जाऊन कॉम्प्युटर कोसळला. पाठवण्याआधी फाइल तपासणारा जो प्रोग्रॅम होता, त्याच्यातही चूक होती, म्हणून तिथे ती अडली नाही. हे सॉफ्टवेअर विंडोजच्या अगदी गाभ्यात चालतं. त्यामुळे ते पडलं की अख्खा कॉम्प्युटर पडतो, आणि पुन्हा चालू केला की पुन्हा पडतो. ७८ मिनिटांत कंपनीने फाइल मागे घेतली. पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर आडवे झाले होते, आणि त्यातल्या बहुतेकांपाशी माणसाने जाऊन, सेफ मोडमध्ये चालू करून ती फाइल हाताने काढावी लागली.

गंमत अशी, की जगभरच्या विंडोज कॉम्प्युटरच्या हिशोबात हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होतं. पण ते कॉम्प्युटर होते विमानतळांवर, बँकांत, इस्पितळांत. 'किरकोळ' म्हणजे किती, हे आकड्यावर नाही, ते कुठे घडतं यावर ठरतं. आमच्या बाईंचे २,८६० रुपयेही किरकोळच होते की.

त्यानंतर जे झालं ते माझ्या मुद्द्याचं. सगळ्यांना वाटलं, आता ही कंपनी संपली. तसं झालं नाही. त्यानंतरच्या तिमाहीत कंपनीने जाहीर केलेला ग्राहक टिकण्याचा दर ९७ टक्क्यांच्या वर होता. घसरलेला शेअर वर्ष संपता संपता पुन्हा घटनेआधीच्या भावाच्या आसपास आला. लगेच लेख आले, ग्राहकांची निष्ठा बघा, विश्वास बघा!

एवढ्या घाईने हा निष्कर्ष काढू नये, असं मला वाटतं. एक तर हा दर माणसं मोजत नाही, वर्गणीचे पैसे मोजतो. विमानतळावर रात्र काढलेला प्रवासी त्या हिशोबात कुठेच नाही, कारण तो क्राउडस्ट्राइकचा ग्राहक नव्हताच. आमच्या बाई जशा बिलिंग कंपनीच्या ग्राहक नव्हत्या. दुसरं म्हणजे, हजारो कॉम्प्युटरवर बसवलेलं सुरक्षेचं सॉफ्टवेअर काढून दुसरं बसवणं हे महिनोन्‌महिन्यांचं काम असतं, आणि मधल्या काळात हल्ला झाला तर? शिवाय करार वर्षावर्षांचे असतात. जो राहिला त्याचं मन राहिलं की पाय अडकला, हे ९७ या आकड्यातून कळत नाही.

आणखी एक गोष्ट. भरपाई म्हणून कंपनीने अनेक ग्राहकांना काय दिलं? आपल्याच सॉफ्टवेअरचे जादा भाग, आपल्याच वर्गणीची वाढीव मुदत. म्हणजे ज्या खाणावळीत जेवून पोट बिघडलं, तिने माफी म्हणून पुढच्या महिन्याचं फुकट कुपन द्यावं! वाईट सौदा नाही, अनेकांनी तो आनंदाने घेतलाही असेल. पण त्याने दाराची कडी आणखी घट्ट होते, हेही खरं. उलट डेल्टा एअरलाइन्सने आपलं ५० कोटी डॉलरचं नुकसान झाल्याचं सांगत ऑक्टोबर २०२४ मध्ये कोर्ट गाठलं. क्राउडस्ट्राइकच्या वकिलांचं म्हणणं, की करारानुसार आमची जबाबदारी फार तर काही दशलक्ष डॉलरची, एक आकडी. कराराच्या बारीक अक्षरात हे सगळं आधीच लिहिलेलं असतं. आपण 'आय अ‍ॅग्री' दाबतो ना, तेच ते.

आता दुसरी बाजूही मांडते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही एकतर्फी बोलतेय. माझा एक वर्गमित्र कॉम्प्युटर सायन्सचा. त्याने हा लेख वाचून मला झापलंच. "चूक नसलेलं सॉफ्टवेअर दाखव. एका बगसाठी कंपनी सोडायची तर दर महिन्याला सोडावी लागेल. नवी कंपनी काय देवाने बनवलीय? दगडापेक्षा वीट मऊ." त्याचं बरोबर आहे. चूक झाली म्हणून लगेच तोडून टाकणं हा शहाणपणा नव्हे. आपण माणसांशीही तसं वागत नाही. ज्याने चूक केली, कबूल केली आणि सुधारली, त्याच्यावर कधीकधी पहिल्यापेक्षा जास्त विश्वास बसतो. क्राउडस्ट्राइकच्या बाजूनेही हे सांगायला हवं. कंपनीने काही आठवड्यांत चुकीची सगळी तांत्रिक चिरफाड जाहीर केली, २० आणि २१ रकान्यांसकट. इथून पुढे फाइल टप्प्याटप्प्याने पाठवू आणि कधी घ्यायची ते ग्राहकाला ठरवू देऊ, असंही सांगितलं. त्या ऑगस्टमध्ये लास वेगसला एका संमेलनात 'सर्वांत भव्य फजिती'चं बक्षीस क्राउडस्ट्राइकला मिळालं, तेव्हा कंपनीचे अध्यक्ष मायकल सेंटोनास स्वतः स्टेजवर जाऊन ते घेऊन आले. मुख्यालयात ठेवणार, म्हणाले, म्हणजे येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याला दिसेल. 'पडलो तरी नाक वर' या वृत्तीपेक्षा हे कितीतरी बरं. अशा वागण्याने जे राहिले असतील, त्यांच्या राहण्याला मी निष्ठा म्हणायला तयार आहे.

पण ते किती? हे कळायला एकच मार्ग. आधी दार उघडं ठेवा, मग माणसं मोजा.

दार उघडं ठेवणं म्हणजे काय, याचं एक जुनं उदाहरण. सप्टेंबर २०१२ मध्ये ॲपलने आयफोनमधून गूगलचे नकाशे काढले आणि स्वतःचे आणले. नकाशे इतके चुकीचे निघाले, की जगभर हसं झालं. नऊच दिवसांनी, २८ सप्टेंबरला, टिम कुक यांनी जाहीर पत्र लिहून माफी मागितली. त्या पत्रात त्यांनी आणखी एक गोष्ट लिहिली. आमचे नकाशे सुधारेपर्यंत तुम्ही दुसऱ्यांचे वापरा. आणि प्रतिस्पर्ध्यांची नावं घेऊन, ते कसे मिळवायचे तेही सांगितलं. ॲपल काही संत नाही, तिच्याही भिंती उंचच आहेत. पण त्या एका पत्रापुरतं बोलायचं तर माझ्या मते खरी माफी अशी असते. 'आमच्याकडेच राहा, कुपन देतो' असं न म्हणता 'आज आमच्याने होत नाहीये, शेजारी जा' म्हणणारी. आमच्या दुकानात एखादं औषध नसलं की बाबा म्हणतात, "नक्को, त्याच्यासारखं दुसरं घेऊ नका. नल्लाकुंट्याला मिळेल, तिथून घ्या." गिऱ्हाईक जातं आणि परत येतं. निष्ठा तिथे तयार होते.

पण सगळं कंपनीच्या चांगुलपणावर सोडायचं का? नाही. आपल्याच देशात याचं उदाहरण आहे. २०११ च्या आधी मोबाइल कंपनी बदलायची तर नंबर बदलावा लागायचा. सगळ्या ओळखीपाळखीच्यांना नवा नंबर कळवायचा या धास्तीने लोक वर्षानुवर्षं एकाच कंपनीकडे राहायचे. २० जानेवारी २०११ ला नंबर पोर्टेबिलिटी देशभर लागू झाली. नंबर तोच, कंपनी दुसरी. त्या दिवशी कुणाला नवं तंत्रज्ञान मिळालं नाही. मिळालं ते फक्त दार.

डेटाच्या बाबतीत असं दार अजून आपल्याकडे नाही. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात आपली माहिती वापरता येईल अशा स्वरूपात सोबत नेण्याचा हक्क होता. २०१९ च्या विधेयकातही होता. २०२३ साली जो कायदा मंजूर झाला त्यात तो उरला नाही. युरोपात तो २०१८ पासून आहे. अर्थात हा हक्क माणसाच्या खासगी माहितीचा. दुकानाच्या स्टॉकला तो जसाच्या तसा लागू झाला असता असं मी म्हणत नाही. पण तत्त्व तेच, की मी भरलेली माहिती माझी, आणि निघताना ती मला जिवंत मिळाली पाहिजे. पीडीएफमध्ये पुरलेली नव्हे.

मित्रांनो, हे मी तुम्हाला का सांगतेय? आपल्यातले कितीतरी जण दोनचार वर्षांत याच कंपन्यांत असतील. हैदराबादच्या हायटेक सिटीत, पुण्यात, बंगळुरूला. कुणी कोड लिहील, कुणी तो तपासेल, कुणी वाणिज्य शाखेतून जाऊन 'ग्राहक टिकवण्याचा' विभाग सांभाळेल. आणि आपल्या भाषेच्या मंडळात वाढलेल्या कुणाच्या तरी वाट्याला ती पडद्यावरची चौकट लिहायचं कामही येईल. तेव्हा 'किरकोळ' लिहिण्याआधी एक क्षण थांबा. पलीकडे कुणीतरी आपल्याच स्मरणशक्तीवर शंका घेत बसलेलं असू शकतं. सरळ लिहा, की चूक आमची आहे, तुमचे आकडे चुकले आहेत, गिऱ्हाइकांना मागण्याआधी तपासून घ्या. इतकी दोन वाक्यं एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आली असती, तर भावाने तो फोन केलाच नसता.

आणि ग्राहक म्हणून आपण काय करायचं? नवं काही घेताना 'यात काय काय येतं' हे आपण विचारतोच. त्याबरोबर 'यातून बाहेर कसं पडता येतं' हेही विचारायची सवय लावूया. मग राहायचं तर खुशाल राहा. ते राहणं आपलं असेल.

आमच्या बाई जूनमध्ये परत आल्या. मुलाने डॉक्टरकडे नेलं होतं. स्मरणशक्ती ठणठणीत. मी दिवाळीत दुकानात बसले होते तेव्हा त्या औषधं घ्यायला आल्या. बाबांनी आता कॉम्प्युटरशेजारी पुन्हा एक लाल वही ठेवलीय. उधारी दोन्हीकडे लिहितात. बाईंनी पैसे दिले, वही स्वतःकडे फिरवून घेतली, आपल्या नावापुढची जमा वाचली, आणि पेन घेऊन बाजूला छोटी सही केली.

"एवढं जवळ दुसरं दुकान असताना परत का आलात?" मी विचारलं.

"तुझे बाबा सकाळी सकाळी दारात येऊन उभे राहिले होते ना," बाई म्हणाल्या. "शिवाय इथली वही मला वाचता येते."

ते प्रमाणपत्र बाबांनी अजून प्रिंट केलेलं नाही.